शुक्रवारचे तुकडे

शनिवार, ३ फेब्रुवारी २००१

प्रल्हाद सरांनी दोन वह्या दिल्या. एक रजिस्टर, ते पोर्टाकेबिनमधे खुंटीला. त्यात रोज लिहायचं: गोऱ्हे आज कुठल्या तुकड्यात, गवत किती वीत, शेण कसं. दुसरी ही बँकेची डायरी. सर म्हणले, "दौलत, तुझ्या डोक्यात जे वाकडं येतं ते हिच्यात लिही, म्हणजे माझ्या खुर्चीला करंट लावायचा वेळ मिळणार नाही."

खुर्चीला करंट मी लावला होता हे खरं हाय. पण फक्त बॅटरीचा. कुंपणाचाच. गोऱ्ह्यांना रोज लागतो, सरांना एकदा लागला तर काय झालं?

पहिलं पान म्हणून नीट लिहितो. मी दौलत, वय बावीस, गाव माण तालुक्यात, जात धनगर, शाळा आठवी, तीपण मास्तर कंटाळले म्हणून सोडली. इथं रास अल खैमात डोंगराच्या पायथ्याला अरबाबची, म्हंजे अरबी मालकाची, शेती हाय. अरबाब वर्षातून दोनदा येतो, खजूर खातो, जातो. सगळं सरांच्या हातात. सर पुण्याच्या कॉलेजातनं शेतीचं शिकलेले, राहायला शारजात, अल मजाजला. त्यांच्या डोक्यातनं हे निघालं: बोटीनं आलेले चाळीस गोऱ्हे, तीस तुकडे, रोज एक तुकडा. गोऱ्ह्यांनी खायचं, तुडवायचं, हगायचं आन पुढं जायचं. मागच्या तुकड्याला पाणी द्यायचं आन महिनाभर हात लावायचा नाय. दाणा नाय, पेंड नाय, फक्त गवत. तिकडं युरोपात खाद्य खाऊन गाई वेड्या झाल्यात, म्हणून दुबईची मोठी हॉटेलं घाबरल्यात. निव्वळ गवतावरचं मटण मिळालं तर डोळे झाकून घेतील म्हणे.

मी ऐकून हसलो. म्हणलं, "सर, हे तर आमचा बाप मेंढरं घेऊन करायचा. अर्धं खा, अर्धं ठेव, मागं वळून बघू नको."

सर उठून उभे राहिले. "बघ, हे मला कॉलेजात दोन वर्षं लागली शिकायला. आजपासून तू माझा गुरू."

मला आजपर्यंत लोकांनी गाढव, माकड, बिनकामाचा, सगळं म्हणलंय. गुरू कुणी नाय.

आईला पत्रात लिहिलंय, गाई दुधाच्या हायत. बोकडाचं चालतं, पण हे तिला झेपायचं नाय. मला झेपतं का, ते अजून विचारलं नाय मी मला.

गुरुवार, ८ फेब्रुवारी

पाऊस नाय. इथं थंडीत दोन-चार सरी पडतात म्हणे, त्यावरच डोंगराचं पाणी विहिरीत उतरतं. यंदा एक थेंब नाय. बोअरचं पाणी जिभेला लावलं तर खारट. गवत पिवळं पडत चाललंय. तुकडा नंबर सात तीस दिवसांत उठायला पाहिजे होता, वीतभर पण नाय.

सरांना म्हणलं, "महिना पुरणार नाय. दीड महिना द्या. गोऱ्हे निम्मे करा."

"हॉटेलला एप्रिलमध्ये माल दाखवायचाय. निम्मे करून काय दाखवू?" मग एकदम हसले. "तू दमलायस. आज दुपारी चल माझ्याबरोबर, शारजात सोडतो. रोल्लाच्या बाजारात फीर, सिनेमा बघ. शनिवारी सकाळी ये."

बदरूचाचा दारात उभा होता. बदरुद्दीन चाचा माझ्याबरोबर केबिनमधे राहतो. गुहागरकडचा, चौदा वर्षं हितं. बायको मैमुनाबी गावाला. चाचा म्हणला, "शुक्रवारचा क्याला जातोस रे बाळा? राहा की. मासे करतो."

म्हणलं, "चाचा, तुझ्या माशापेक्षा रोल्लातली पोरीबाळी बरी."

जाताना त्याच्या चपला खजुराच्या झाडावर लटकवून गेलो.

सोमवार, १९ फेब्रुवारी

आज काट्यावर घेतले सगळे. दोन आठवड्यांत सरासरी अकरा किलो वाढले! गवत पिवळं, पाणी खारं, आन गोऱ्हे वाढतायत. सरांनी माझी पाठ थोपटली. "हे तुझ्या हाताचं यश आहे."

मी गोऱ्ह्यांना नावं ठेवलीत. सगळ्यात जाडा सरपंच. सारखा दुसऱ्याच्या तोंडचं खातो तो तलाठी. शेपूट वर करून पळतो तो आमचा हेडमास्तर. सरपंच आता एवढा चकाकतो की अंगावर हात फिरवला तर तेल लागंल वाटतं.

चाचाला म्हणलं, बघ धनगराची कमाल. चाचा पाठ धरून बसला होता. शनिवारपासून पाठ दुखतेय म्हणतो. म्हणलं, मी नसलो की काय कुस्ती खेळतोस का? तो पाठ धरूनच उठला आन चहा ठेवायला गेला.

मंगळवार, २७ फेब्रुवारी

आज लिहायला खूप हाय.

दुबईच्या हॉटेलच्या अनुपमा मॅडम आल्या. मला वाटलं गोरा शेफ येईल, लांब टोपीचा. या निघाल्या आपल्याच! वडील बारामतीकडचे, मॅडम लहानपणापासून इथं. मराठी बोलतात पण मधेच गाडी इंग्लिशच्या रुळावर जाते. पांढरे बूट घालून आल्या होत्या, ते मी पाहिलं आन त्यांना मुद्दाम ओल्या तुकड्यातनं नेलं. बूट गेले. पण त्या हसल्या. मग मला आवडल्या.

सगळं फिरून झाल्यावर म्हणल्या, "See, प्रल्हाद, कागद सगळेच दाखवतात. मला माणूस दाखवा. जनावरांबरोबर चोवीस तास कोण असतं?"

सरांनी मला पुढं ढकललं. "हा. धनगर आहे. बिरोबाचा भंडारा खिशात ठेवून फिरतो. त्याला विचारा."

मॅडमच्या चेहऱ्यावर एकदम काहीतरी बदललं. "Really? बाबा सांगायचे, गावात भांडण मिटायचं नाही तेव्हा भंडारा उचलायला लावायचे. एकदा उचलला की विषय खलास."

माझ्याकडं पुडी हाय. आरेवाडीच्या बिरोबाची, आईनं येताना दिलेली, प्लॅस्टिकमधे गुंडाळून. खोटा भंडारा उचलला तर घर बसतं. आमच्यात एकानं वाटणीत उचलला होता, त्याची दीडशे मेंढरं एका उन्हाळ्यात गेली. मी सगळ्याची मस्करी करतो, पण ह्या पुडीची नाय.

सर म्हणले, "उचल की दौलत. खरंच आहे ना?"

चाचा लांबनं पाण्याचा पाइप धरून बघत होता. ओरडला, "अरे दौलत, क्याला उगाच! देवाला मधे आणू नको!"

मी म्हणलं, चाचा, तुझा नाय तो देव, तू गप.

चिमूट घेतली, कपाळाला लावली. म्हणलं, "बिरोबाची आण. ह्या चाळीस तोंडांत गवताशिवाय एक दाणा गेला नाय."

मॅडमनी माझ्याकडं पाहिलं, मग वही मिटली. "ठीक. सतरा एप्रिलला final बघायला येते. माझ्याकडून नक्की समजा."

त्या गेल्यावर सर मला मिठी मारून म्हणले, "तू स्वच्छ माणूस आहेस रे. असाच राहा." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. एवढं काय रडायचं, मला कळलं नाय. पण बरं वाटलं.

शनिवार, ३ मार्च

रोल्लातनं चाचासाठी नवीन चपला आणल्या. पंधरा दिरहम, म्हंजे एकशेनव्वद रुपये, गावाला एवढ्यात दोन जोड आले असते. जुन्या मीच झाडावर टाकून टाकून फाडल्या. चाचानं घातल्या, चालून बघितलं, आन पुन्हा काढून डब्यात ठेवल्या. म्हणला, गावाला जाताना घालीन.

मग म्हणला, "पुढल्या शुक्रवारी राहा."

"काय असतं रे शुक्रवारी?"

"काही नसतं. एकट्याला करमत नाही."

म्हातारा झालाय.

शनिवार, १७ मार्च

आज मी टॅक्सीनं लवकर आलो. सात वाजताच. गोऱ्हे अजून कालच्याच तुकड्यात, नंबर चौदामधे. सवयीनं शेण बघितलं. गवताचं शेण कसं असतं, भाकरीसारखं गोल बसतं, मधे खळगा, हिरवट. हे करडं, पातळ, वास आंबूस. काडीनं उलटलं. आत दाणे. अख्खे. धुऊन तळहातावर घेतले, तर जव.

 मी भंडारा उचललाय.

पहिल्यांदा वाटलं, चाचा मस्करी करतोय. माझ्या एवढ्या मस्कऱ्या झेलल्यात, एकदा परत केली. शेणात दाणे खोचून ठेवले असतील. पण दुसरं शेण बघितलं, तिसरं बघितलं. एवढी मेहनत मस्करीला कोण करतं? माझ्याशिवाय?

सोमवार, १९ मार्च

चाचा पाण्यावर गेला तेव्हा त्याच्या खाटेखाली बघितलं. रिकामी पोती. घडी घालून, एकावर एक, गादीसारखी. वर अरबीत काहीतरी आन कणसाचं चित्र. अठ्ठावीस मोजली.

आता सगळं जुळतंय. गोऱ्हे शनिवारी त्याच्या मागंमागं फिरतात. पाठ दुखते. चाचाचं काळीज मऊ हाय, मांजर उपाशी दिसलं तर आपला मासा देतो. वाळल्या गवतात गोऱ्हे बघवले नसतील त्याला. पण मी भंडारा उचलत होतो तेव्हा तो समोर उभा होता. तेव्हा नाय बोलला. "देवाला मधे आणू नको" म्हणला, एवढंच. मला आपलं समजून जेवायला बसवायचा आन माझ्या घरावर दगड ठेवला त्यानं.

मंगळवार, २० मार्च

सरांना सांगितलं. वाटलं होतं चिडतील. ते खुर्चीत बसले.

"पोती मोजलीस?"

"अठ्ठावीस."

"आणखी कुणाला बोललास?"

"नाय."

"बरं केलंस. कुणाला बोलू नकोस. तू मला सांगितलंस हे फार चांगलं केलंस, दौलत."

म्हणलं, "सर, मॅडमना सांगू या का? मी भंडारा..."

"तुला माहीत नव्हतं ना? मग तुझी आण खोटी कशी? तू स्वच्छ आहेस." मग म्हणले, "बघतो मी बदरुद्दीनचं."

म्हणलं, फक्त रागवा. काढू नका.

"इन्शाल्ला," म्हणले सर. हितं इन्शाल्ला म्हणलं की काम होत नाय, हे मला दोन वर्षांत कळायला पाहिजे होतं.

गुरुवार, २२ मार्च

चाचाचा व्हिसा कॅन्सल. दोन दिवसांत चौदा वर्षं खलास.

काल सकाळपासून तो माझ्याशी बोलला नाय. बॅग भरत होता. मी आजूबाजूला घुटमळत होतो, सॉरी म्हणायचं होतं का शिवी द्यायची होती, ठरत नव्हतं. मग सुचलं ते केलं. नव्या चपलांतली एक लपवली, डावी. म्हणलं शोधील, आईवरनं शिव्या देईल, मी काढून देईन, दोघं हसू, मग बोलणं सुरू होईल. दर वेळी असंच होतं.

तो शोधत बसला नाय. डब्यात एकच चपल बघितली, माझ्याकडं बघितलं, डबा झाकला आन शेतातले गमबूट घालून पिकअपमधे बसला. गावाला. गमबूट घालून.

गाडी सुरू झाली तेव्हा काच खाली करून एवढंच म्हणला, "शेण बघत जा रे बाळा. रोज बघत जा."

चोराच्या उलट्या बोंबा, म्हणलं मी मनात. आन उजवी चपल डब्यासकट तिथंच राहिली का घेऊन गेला, ते बघितलं. घेऊन गेला होता.

शनिवार, ३१ मार्च

ह्या वेळी सरांनी रोल्लात सोडलं नाय. म्हणले तू टॅक्सीनं जा, मला शेतावर हिशोबाचं काम आहे. शुक्रवारी कुणी काम करतं का? पण चाचा नाय, कुणीतरी राहायला पाहिजेच.

आज आलो तर सरांच्या दोन्ही हातांना फोड. म्हणलं काय हो? तर म्हणले, अल मजाजला बॅडमिंटन खेळलो. दोन हातांनी खेळतात काय? म्हणलं मी. सर हसले नाय.

रविवार, १ एप्रिल

एप्रिल फूल. सरांना फोन करून म्हणलं, अरबाब आलाय, गोऱ्ह्यांना खजूर चारतोय.  "पोत्याजवळ गेला का?" म्हणले. म्हणलं कसली पोती? चाचाची तर मीच जाळली.  मग म्हणले, "मस्करी पुरे, दौलत." आन फोन ठेवला.

मस्करी जमली नाय. केबिनमधे एकट्यानं हसायला पण येत नाय.

रविवार, ८ एप्रिल

तुकडा नंबर अठ्ठावीस. सवयीनं गोऱ्हे गेल्यावर मी पाणी दिलेलं. खारं पाणी, गवत उठलंच नाय, मुळापाशी करपलं. पण जिथं जिथं शेणाची भाकर पडली होती तिथं तिथं हिरवं. गोल गोल. बोटभर. पात रुंद.

चावून बघितली. जव.

 मग केबिनमधे जाऊन रजिस्टर काढलं. माझ्याच अक्षरात, शनिवारी येऊन भरलेलं: तुकडा २८, शुक्रवार, ३० मार्च.

चाचा तेव्हा आठ दिवस गुहागरात होता.

सोमवार, ९ एप्रिल

रजिस्टर घेऊन सगळे तुकडे पालथे घातले. पाणी मिळालेल्या जागी बघितलं. सोमवार, मंगळवारच्या तुकड्यांत काय नाय, करपलेलं गवत. शुक्रवारचा तुकडा आला की जव. रजिस्टरच्या आधीचे, जानेवारीचे शुक्रवार बोटांवर उलटे मोजले, ते कोरे. फेब्रुवारीपासून एक शुक्रवार सुटला नाय. नंबर चौदामधे कॉक गळतो, तिथं तर गुडघ्याएवढे.

मला रोल्लाला कोण पाठवत होतं? शुक्रवारी राहू नको कोण म्हणत होतं, आन राहा कोण म्हणत होतं?

"तू स्वच्छ आहेस." धुऊन, पुसून, बाजूला ठेवला मला. शपथेच्या दिवशी उपयोगी पडावा म्हणून. मला हात लावू दिला नाय पोत्याला, आन माझाच हात वापरला. चाचा पोती वाहत होता कारण साहेबाचं नाय ऐकलं तर चौदा वर्षांचं काय होईल ते त्याला माहीत होतं. आन मी जाऊन त्याच साहेबाला सांगितलं, अठ्ठावीस पोती आहेत म्हणून. मोजून.

कुणी दुसऱ्यानं फसवलं असतं तर मी त्याच्या अंथरुणात खाजकुइली टाकली असती आन विसरलो असतो. हा माणूस मला गुरू म्हणला होता.

मंगळवार, १० एप्रिल

सर म्हणले, मॅडम येणार आहेत, रस्त्याकडचे तुकडे हिरवे दिसले पाहिजेत, सगळं पाणी तिकडं सोड.

म्हणलं, हो सर.

पाणी सोडलं. पण रस्त्याकडच्या शुक्रवारच्या तुकड्यांनाच. चार तुकड्यांनाच पुरंल एवढं पाणी, तेवढेच धरले. खाऱ्या पाण्याला गवत मरतं, जवाला काय होत नाय. सकाळ-संध्याकाळ. सर आठवडाभर ऑफिसच्या खेपांत, तुकड्यात पाय ठेवला नाय त्यांनी. लांबनं हिरवं दिसतंय म्हणून खूश.

माझी ही सगळ्यात मोठी मस्करी हाय आन मला एकदापण हसू आलं नाय.

मंगळवार, १७ एप्रिल

मॅडम आल्या. ह्या वेळी काळे बूट. हुशार बाई.

सरांनी सरपंच दाखवला, तलाठी दाखवला. वजनाचे आकडे दाखवले. मग म्हणले, "आणि आपला दौलत आहेच. दौलत, मॅडमच्या समाधानासाठी पुन्हा एकदा उचलतोस?"

पुन्हा. माझ्या डोळ्यांत बघून म्हणले.

म्हणलं, "आधी मॅडमना गवत दाखवतो."

नंबर अठ्ठावीसमधे नेलं. वाळलेल्या तुकड्यात हिरवी गोल गोल बेटं, ढोपराच्या खाली, वाऱ्यानं हलतायत. मॅडम थांबल्या. खाली वाकल्या. एक रोप उपटलं तर मुळाबरोबर शेणाचा पापुद्रा आला आन त्यात फुटलेला दाणा.

"हे काय उगवलंय?"

म्हणलं, "शुक्रवार, मॅडम."

"What?"

रजिस्टर त्यांच्या हातात दिलं. म्हणलं, "तारखा बघा, आन तुकडे बघा. माझी आण खोटी होती. मला ठाऊक नव्हतं, पण खोटी होती."

सर मधे आले. हसत. "मॅडम, हा फार मस्कऱ्या मुलगा आहे. एकदा माझ्या खुर्चीला करंट लावला होता. बिया टाकल्या असतील ह्यानेच. Prank आहे हा."

मॅडमनी माझ्याकडं बघितलं. मला माहीत होतं हे येणार. जन्मभर केलेल्या मस्कऱ्या एका ओळीत उभ्या राहिल्या आन सरांच्या बाजूनं साक्ष द्यायला लागल्या.

मी पुडी काढली नाय. म्हणलं, "मॅडम, आता भंडारा उचलणार नाय. तुम्ही शेण उलटा."

त्यांनी काडी घेतली. स्वतः. वाळल्या शेणाची एक भाकर उलटी केली, मग दुसरी, मग चालत जाऊन नंबर एकवीसमधली. मग काडी टाकली, रजिस्टर मला परत दिलं, सरांना म्हणल्या, "प्रल्हाद, मी बाबांना सांगितलं होतं तुमच्याबद्दल." गाडीत बसल्या. यल्ला, चला, म्हणल्या ड्रायव्हरला. एवढंच.

सर तुकड्यातच उभे राहिले. म्हणले, "पाऊस आला असता तर लागलंच नसतं रे. जानेवारीत एकही दाणा नव्हता, माझी शपथ." थोड्या वेळानं म्हणले, "तुला तरी मी यातून बाहेर ठेवलं होतं."

म्हणलं, "सर, निम्मे करा म्हणलं होतं मी. फेब्रुवारीत."

त्यांनी जवाचं रोप हातात घेतलं होतं, ते कुठं ठेवावं त्यांना कळत नव्हतं.

मंगळवार, २४ एप्रिल

माझा पण व्हिसा कॅन्सल. गोऱ्हे कालच गेले, बाजाराच्या ट्रकमधनं, कुठल्या हॉटेलात नाय. सरपंच चढंना, तर मीच हात लावून चढवला. त्याला माझ्यावर विश्वास होता. आता विचारलं मी मला, झेपतं का. नाय झेपत.

ही डायरी शारजाच्या एअरपोर्टवर लिहितोय. मुंबईला उतरलो की आधी गावाला जाणार नाय. गुहागरची एसटी धरणार. पत्ता चाचाच्या जुन्या पत्रावरनं उतरवून घेतलाय, मैमुनाबीच्या नावाचा. बिरोबाचं बघू नंतर, आरेवाडीला जाऊन काय दंड असेल तो भरीन. तो देव हाय, थांबंल.

चेकिंगवाल्यानं बॅग उघडली. दोन शर्ट, आईला साडी, ही डायरी आन एक नवीन चपल. त्यानं उलटीपालटी करून बघितली, मग बॅगेत दुसरी शोधली. "एकच?" म्हणला हिंदीत.

म्हणलं, "दुसरी गावाला पोचली, भाईसाब. जोडी लावायला चाललोय."

तो हसला. सवय हाय मला, लोक हसतात. पण चाचानं दार उघडलं तर हसेल का, ते सांगता येत नाय. आधी पुढं काय करू, चपल का तोंड, ते अजून ठरलं नाय.